मावशीच्या पोटातला आवाज

ज्यांनी ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मित्रांबरोबर गाडी काढून लांब जाण्याचे बेत केले आहेत, त्या सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक आणि उभं राहून कळवण्यात येतं की, आम्ही कुठेही पोचलो नाही. पाँडिचेरीला निघालो आणि महाबलीपुरमला संपलो. येलगिरीच्या डोंगरावर निघालो आणि वेल्लोरच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याच्या बाकावर बसून डोंगर कुठल्या दिशेला असेल याचा अंदाज करत परत फिरलो. तिरुपतीला निघालो तेव्हा तर देवानेच नको म्हटलं असं घरी फोनवर सांगितलं, आणि आईने त्याचा फारच मोठा अर्थ लावून माझ्यासाठी शांत करवून घेतली. निवेदन संपलं. आता सगळ्यांनी खाली बसायला हरकत नाही.

हे निवेदन आजच का, तर काल कत्री लागली. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या दिवसांना चेन्नईत कत्री म्हणतात, आणि जणू एखादी गाडी फलाटाला लागावी तशी ती 'लागली' म्हणून पेपरात बातमी येते. तेव्हापासून नळाला सकाळीच चहाचं पाणी येतं. मांबलम स्टेशनच्या पुलाखालच्या मोगरेवाल्या गजऱ्यांवर ओलं फडकं टाकतात आणि तेच फडकं मधूनमधून स्वतःच्या मानेवर ठेवतात. डांबराला चप्पल चिकटते. इतकी वर्षं इथे काढूनही कत्री लागली की मला घाम येण्याआधी चीड येते, आणि ती उन्हाची नसते. चीड येते ती एका आवाजाची, जो मला वीस वर्षांत सापडला नाही.

दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. आम्ही तिघे वेस्ट मांबलमला रावकाकांच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचो. मी चिपळूणचा, दिग्या कोल्हापूरचा, शिरीष कराडचा. तिघेही श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारीच्या कारखान्यात. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर यायची आणि आम्ही अर्धवट झोपेत, ओल्या केसांनी तिच्यात चढायचो. दिग्या इंजिनात होता, शिरीष सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या भागात, आणि मी गाडीच्या आतल्या सजावटीत. म्हणजे सीटं, दारांचे पॅनेल, डॅशबोर्ड वगैरे. दिग्याच्या मते माझं खातं म्हणजे पडदे शिवणाऱ्यांचं खातं.

तयार गाडी कारखान्याच्या चाचणीरस्त्यावर खडबडीत फरशांवरून फिरवायची आणि आत बसून नुसतं ऐकायचं, हे आमचं काम. कुठे खुडखुडतंय, कुठे करकरतंय, कुठे किणकिणतंय. ज्या खात्याच्या भागातून आवाज येईल, त्या खात्याच्या माणसाने शनिवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून कारण द्यायचं. त्या बैठकीत एकदा उभा राहिलेला माणूस पुन्हा कधी कुठल्याही आवाजाचं पालकत्व पत्करत नाही. गाडी हलली की आम्हा तिघांच्या तोंडून पहिला शब्द एकच निघायचा, 'माझ्याकडचा नाही.'

आता अशा तीन माणसांनी मिळून एक जुनी गाडी विकत घ्यावी का? घेतली. क्रीम रंगाची, तीन मालक बघितलेली, आमच्या कारखान्यात न बनलेली. तिचं नाव आम्ही मावशी ठेवलं, कारण ती दिसायला प्रेमळ होती आणि सतत कुरकुरायची.

मावशीच्या पोटात एक आवाज होता. टक्, टक्, मग थोडी विश्रांती, मग टकटक. वस्तीतून जाताना यायचा नाही. महामार्गाला लागलं, खिडक्या खाली केल्या, कुणीतरी गाणं सुरू केलं, की यायचा. मग गाणं थांबायचं. तिघांच्या माना एकाच वेळी तिरक्या व्हायच्या.

"ऐकलंस?" दिग्या म्हणायचा.

"मागून आला," मी म्हणायचो.

"मागून कसला? डावीकडून. सस्पेन्शन आहे हे."

"सस्पेन्शन?" शिरीषचा आवाज इतका शांत व्हायचा की तो चिडलाय हे कळायचं. "बाजूला घे गाडी."

झालं. पुढची सगळी सहल रस्त्याकडेला. पाँडिचेरीच्या वेळेस मी महाबलीपुरमला डिकी रिकामी करून तिच्यात आडवा झालो होतो आणि दिग्या गाडी गचके देत पुढेमागे करत होता. समुद्र अगदी पलीकडे होता. मला लाटा ऐकू येत होत्या, दिसल्या मात्र नाहीत. त्यातही शिरीष बाहेरून ओरडून विचारत होता, "लाट सोडून दुसरं काय ऐकू येतंय?" माणसाने समुद्राकाठी जाऊन हा प्रश्न विचारावा, यापेक्षा मोठा वैताग मला तरी माहीत नाही.

कधीकधी वाटतं, आम्हाला आवाजाचा एवढा नाद का लागला? कदाचित ते शहरच तसं होतं आमच्यासाठी. बसमध्ये, बाजारात, घराखालच्या टँकरपाशी रंगीत कळशा घेऊन भांडणाऱ्या बायकांत, सगळीकडे बोलणं भरभरून वाहत होतं आणि आमच्या पदरात त्यातलं काही पडत नव्हतं. अर्थ कळणारी एकच भाषा आमच्याजवळ होती, यंत्राची. खुडखुड म्हणजे ढिला स्क्रू, करकर म्हणजे घासणारं रबर. मावशीने तिथेच आम्हाला परकं पाडलं होतं.

या सगळ्यात शिरीषचं प्रेम बसलं. दुसरा शब्द नाही.

रावकाका तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज कधी तिकडे गेले ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही, पण घरात मराठी होती. आमच्या पणज्यांची शोभावी अशी मराठी, तमिळच्या हेलात बोललेली. रेल्वेतून निवृत्त झाले होते. भाडेकरूंना 'काय पा' अशी हाक मारायचे. नवरात्रात त्यांच्या दिवाणखान्यात पायऱ्या मांडून गोळू बसायचा, म्हणजे बाहुल्यांची आरास. त्या वर्षी आरास लावायला त्यांची भाची आली होती. रुक्मिणी, घरात रुक्कु. तंजावरच्या एका बँकेत होती. आम्ही तिघे बूट दाराशी काढून आत गेलो आणि शिरीषच्या उजव्या मोज्यातून त्याचा अंगठा बाहेर आला. तो अंगठा मला आजही ओळखता येईल. बिचारा सगळा वेळ एक पाऊल दुसऱ्यामागे लपवून बगळ्यासारखा उभा होता. रुक्कुने पानाच्या द्रोणात हरभऱ्याची उसळ आणून दिली, खाली पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"अंगठ्यास वारा बरा लागतो काय?"

शिरीषने द्रोण घेतला आणि पाऊल आणखी मागे सारलं. पण पुढे आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये आम्हाला या एका वाक्याचं निरूपण ऐकावं लागलं. 'अंगठ्यास' म्हणाली रे. 'अंगठ्याला' नाही. त्यापूर्वी कराडहून त्याच्या आईने तीन स्थळं दाखवली होती. तिघींनी मुलगा चांगला आहे पण मद्रास फार लांब आहे असं कळवलं होतं. तेव्हापासून तो लग्नाच्या बाबतीत मावशीच्या आवाजासारखा झाला होता, मध्येच यायचा आणि लगेच गप्प बसायचा. आता तो सतत वाजू लागला.

दिग्याने रावकाकांच्या कानावर घातलं. काकांनी तंजावरला घातलं. तिथे निर्णय रुक्कुच्या आजीच्या हातात होता, आणि आजीने हिवाळा सगळा विचारात घालवला. शेवटी मे महिन्यात, आमचा कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद असतो तेव्हाचा रविवार ठरला. दुपारी जेवायला या, मुलगा बघू. एक अट होती. त्याच संध्याकाळी बंगळुरूचं एक स्थळ बघायला येणार होतं. त्यांच्याकडचे लोक जुन्या ओळखीतले, आजीच्या मनात भरलेले. म्हणून आमचं काय ते त्याआधी व्हायला हवं. आणि रविवारचा राहुकाळ चहाच्या वेळेला लागतो. एकदा लागला की आजी तो संपेपर्यंत कुठल्याही शुभकार्याच्या पाहुण्याला उंबरा ओलांडू देत नाही.

"म्हणजे दुपारीं पोचणें," रावकाका म्हणाले. "नाहीं पोचलें तर बंगळुरू. कळलें ना, पा?"

"कळलं," शिरीष म्हणाला. त्याचा चेहरा बैठकीत उभं राहण्याआधी व्हायचा तसा झाला होता.

आदल्या दिवशी आम्ही त्याला टी. नगरला नेलं. साड्यांच्या दुकानांपुढच्या त्या गर्दीत चालायचं नसतंच; आपण नुसते उभे राहतो आणि लोक आपल्याला दुकानात नेऊन सोडतात. त्याला चकचकीत काळे बूट घेतले आणि मी स्वतः निवडून मोज्यांचा नवा जोड घेतला. दाट विणीचा. बोटाने आतून दाबून तपासलेला. "आता अंगठा कैदेत," मी म्हटलं. शिरीष पहिल्यांदा हसला.

पहाटे निघालो. दिग्या चालवायला, रावकाका पुढे, आम्ही दोघे मागे. काकांच्या मांडीवर भेटीसाठी फळांची करंडी. तांबरम मागे पडलं, चेंगलपट्टू मागे पडलं. तेव्हा महामार्ग रुंद करायचं काम चालू होतं. पाच मिनिटं रस्ता आणि पाच मिनिटं माती. तरी गाडी छान चालली होती. रस्त्याकडेला ताडगोळे सोलणारे बसले होते. मदुरांतकमचा तलाव कोरडा पडून त्यात गुरं चरत होती. मला क्षणभर वाटलं, आज आपण पोचणार.

टक्, टक्.

शिरीषने खिडकीबाहेर पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. दिग्याने आरसा सरळ केला, जो सरळच होता.

टकटक.

"मी काही म्हणत नाही," दिग्या म्हणाला.

"नकोच म्हणू," मी म्हणालो.

"म्हणत नाहीच आहे. एवढंच की हा इंजिनाचा नाही."

"मग कुणाचा आहे?" शिरीष.

"लेका, आज तुझा दिवस. आज तुझ्या सस्पेन्शनला नावं ठेवायची नाहीत, असं मी घरून ठरवून आलोय."

"बाजूला घे गाडी," शिरीष म्हणाला.

बघा. ज्याचं लग्न पणाला लागलं होतं, त्याने सांगितलं. त्याला पोचायचं नव्हतं असं नाही. पोचण्यासाठी तो सहा महिने नीट जेवला नव्हता. पण ज्या दिवशी एक मुलगी आपल्याला पारखणार, त्या दिवशी स्वतःच्या खात्यावर कलंक घेऊन तिच्या दारात उतरायचं, हे त्याला जमेना. तो बाभळीखाली वाकून चाकं हलवू लागला आणि मला त्याला धरून गाडीत कोंबावंसं वाटत होतं. कोंबायला मी गेलोही. पण वाकलोच आहे तर म्हणून दाराचं पॅनेल एकदा दाबून पाहिलं.

"काय पा, गाडी पुनः उभी?" रावकाकांनी विचारलं. त्यांना आवाज ऐकूच येत नव्हता. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, त्यांच्या मते वाजत नाही ते वाहनच नव्हे.

तिंडिवनमच्या पुढे पुन्हा थांबलो. या वेळी संशय माझ्या डॅशबोर्डवर होता. त्याच्या खणाचं झाकण थोडं ढिलं होतं हे मला नाइलाजाने दिसलं. फटीत काहीतरी मऊ, दाट असं कोंबायला हवं होतं. शिरीषचे नवे बूट चावत होते म्हणून त्याने ते काढून ठेवले होते, आणि पायात माझ्याच पसंतीची ती दाट वीण होती. मी तिच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"फक्त तंजावरपर्यंत," मी म्हणालो.

एक मोजा खणाच्या फटीत गेला, दुसरा सीटबेल्टच्या कडीभोवती. आणि काय सांगू, आवाज थांबला. विळुप्पुरम गेलं. आम्ही गाणं म्हटलं, रावकाकांनी ताल धरला. पन्रुटीला रस्त्याच्या दोन्ही अंगांना फणसांचे ढीग होते. पिकल्या फणसाचा तो गोड, जड वास गाडीत शिरला आणि मला चिपळूणच्या परसातली दुपार आठवली. घरची आठवण काढायला मी खिडकीवर डोकं टेकतोय, तोच पन्रुटी संपता संपता आवाज परत आला. मोजे घालून आल्यासारखा. टप्, टप्. मग थोडी विश्रांती.

पुढचा प्रवास मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की नेवेलीच्या आसपास सूर्य डोक्यावर होता, आणि आम्ही कुंभकोणमला मातीचा एक फाटा चुकून दुसऱ्यात शिरलो तेव्हा तोच सूर्य खिडकीतून दिग्याच्या कानात शिरत होता. भाताची रिकामी शेतं, केळीच्या बागा, कोरडे कालवे. गाडी थांबवून मोजे काढायचीही आता कुणाची छाती नव्हती. मावशीच्या सीटखाली काच पुसायला मोज्यांचा एक जुना जोड पडलेला असायचा. शिरीषने तो झटकला आणि चावऱ्या बुटांसाठी निमूट पायात चढवला. गोळूच्या दिवशीचाच तो जोड, उजव्यात भोक असलेला. अंगठा सुटला.

रुक्कुच्या घरासमोर आम्ही उतरलो तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. दार उघडं होतं आणि आत, उंबऱ्यापलीकडे, खुर्चीत आजी बसली होती. हातात घड्याळ नव्हतं. तिला त्याची गरजही नसावी. रावकाकांनी फळांची करंडी पुढे केली. आजी तिथूनच म्हणाली,

"राहु लागला. बैसा तेथें ओट्यावर."

बसलो. एवढ्यात भाड्याची एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. बंगळुरू. आईवडील गाडीतच थंडाव्यात बसून राहिले. त्यांनाही आजीचा तोच निरोप गेला. मुलगा उतरला. कडक इस्त्री, आरशासारखे बूट. त्याला पाहून शिरीष ओट्यावरून उठला आणि चावणारे बूट काढून ठेवून मावशीशेजारी जाऊन उभा राहिला. संकटात माणूस आपल्या माणसाजवळ जातो तसा.

"ते झाकणच असणार," दिग्या हळूच म्हणाला. त्याला शिरीषला फक्त कामात गुंतवायचं होतं, असं तो आजही शपथेवर सांगतो. "की तुझं मागच्या चाकाचं बुश?"

शिरीष गाडीखाली गेला. मागोमाग दिग्या. मी चिडून पुढचं दार उघडलं आणि माझा निर्दोषपणा एकदाचा सिद्ध करायला डॅशबोर्डखाली डोकं घातलं. पाय बाहेर राहिले.

"काय प्रॉब्लेम आहे?" बंगळुरूवाला जवळ आला होता.

"आवाज येतोय," दिग्या खालून म्हणाला.

"ब्रेकचा नाही ना?"

गाडीखालची खटपट थांबली. "तुम्ही ब्रेकवाले का?" शिरीषने विचारलं.

"हो. पण हा ब्रेकचा नसणार." आणि ती कडक इस्त्री खाली बसल्याचं, मग आडवी झाल्याचं मी ऐकलं. मला त्याचा राग आला नाही. आपलाच निघाला.

गेल्या महिन्यात दिग्या नवी विजेची गाडी घेऊन आला आणि आम्हाला पाँडिचेरीला घेऊन गेला. आम्ही पोचलो. वेळेच्या आधी पोचलो. गाडीत इतकी शांतता होती की आपण काय बोलावं ते सुचेना. समुद्रासमोर उभे राहिलो, लाटा पाहिल्या, कॉफी प्यायलो, परत आलो. वाटेत कुणी म्हणालं नाही की बाजूला घे. मावशी केव्हाच अरक्कोणमच्या एका माणसाला विकली. तो ती घेऊन गेल्यावर फोन करून मुद्दाम विचारलं, की आवाज येतो का. "कसला आवाज?" म्हणाला. त्या दिवशी मी जेवलो नाही. आयुष्यात ठिकाणं पुष्कळ मिळाली, पण तो आवाज कुणाचा होता हे कळल्याशिवाय माझा एकही प्रवास पुरा झालेला नाही, आणि कत्री लागली की ही थकबाकी अंगातून घामासारखी फुटते.

तर तंजावरला, त्या गल्लीत, भर उन्हात, मावशीच्या चारी अंगांनी चार जोड पाय बाहेर आले होते. कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. मी डॅशबोर्डखाली होतो, त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. पैंजण नव्हते, ताकाच्या पेल्यांचा ट्रे ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. तो कुठून आला हे मला लगेच कळलं, त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. मग पावलं पायरी उतरली. गाडीभोवती एक फेरी झाली, सावकाश. माझ्या पायांपाशी थांबली, पुढे गेली. दिग्यापाशी थांबली नाही. बंगळुरूच्या त्या चकचकीत बुटांपाशी जरा रेंगाळली असं वाटलं. मग ती मागच्या उजव्या चाकापाशी थांबली, आणि तिथून हलेचना. आत आजी खुर्चीत, राहु अजून निम्मा शिल्लक. आणि रुक्कुने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, आत हाक दिली,

"आजी, तो फाटका मोजा आला. राहु असो कीं केतु असो, ह्यांस मी आंत घेतें."